एकशे सात नंबरखालचे राज्य

शनिवारी सकाळी मेंग दोक-सू मुळ्याच्या गरम सारात भात कालवणार, इतक्यात भिंतीतला कर्णा खाकरला. दाल्ले वसाहतीच्या प्रत्येक स्वयंपाकघरात असा एक कर्णा भिंतीत बसवलेला आहे. तो बंद करता येत नाही, त्याचा आवाज कमी करता येत नाही आणि त्याला उलट उत्तरही देता येत नाही. पाणी कधी जाणार, लिफ्ट कधी बंद राहणार, कोणाच्या कुत्र्याने कुठे काय केले, हे सगळे तो जेवणाच्या वेळा साधून सांगत असतो.

"रहिवाशांनो," कर्णा म्हणाला, "एकशे सात नंबरच्या इमारतीत राहून त्याच इमारतीखाली भुयार आहे असं पुस्तकात छापणारे जे कोणी लेखक आहेत, त्यांनी ताबडतोब कचेरीत यावं. आम्ही कोणाचं नाव घेत नाही. फ्लॅट नऊशे तीन."

दोक-सूची बायको सुन-ये हिने वाटी खाली ठेवली. "पुस्तक आलं की गावभर नाव होईल, म्हणाला होतात. झालं. आता जा."

पुस्तकाचे नाव ‘नव्याण्णवावी पायरी’. तेरा वर्षांची सोरी नावाची मुलगी एकशे सात नंबरच्या इमारतीतल्या बॉयलरच्या खोलीतून खाली उतरते आणि नव्याण्णव पायऱ्यांखाली तिला एक अख्खे राज्य सापडते, अशी ती किशोरांसाठीची अद्भुत कादंबरी. दोक-सू मुलांच्या निबंधाच्या शिकवण्या घेई आणि उरलेल्या वेळात ही कादंबरी लिही. स्वतःची मुलगी हा-रिम चार वर्षांची होती तेव्हा तिच्यासाठी म्हणून त्याने ती लिहायला घेतली आणि पूर्ण केली तेव्हा हा-रिम पंधरा वर्षांची होऊन बसली होती. ती आता बापाच्या पुस्तकाकडे शाळेच्या परिपत्रकाकडे बघावे तशी बघे. पुस्तक बाजारात आले, पण बाजाराला त्याचा पत्ताच लागला नाही. त्यात ह्या शहाण्याने इमारतीचा नंबर खरा घातला होता. "लिहिताना खरी जागा डोळ्यांपुढे ठेवा," असे तो शिकवणीत पोरांना सांगत असे. पोरांनी ऐकले नाही, ती सुखात राहिली. ह्याने स्वतःचे ऐकले.

कचेरीत बांग मी-ओक बाई बसल्या होत्या. बांगबाई वसाहतीच्या पुनर्बांधणी समितीच्या अध्यक्ष होत्या. शिवाय नऊशे तीन नंबरच्या फ्लॅटच्या मालकीणही त्याच, म्हणजे दोक-सूच्या डोक्यावरचे छप्पर त्यांचे. त्याचा भाडेकरार येत्या मार्चमध्ये संपत होता आणि त्याच मार्चमध्ये हा-रिम फाटकासमोरच्या मोठ्या शाळेत जाणार होती. पुढची तीन वर्षे ह्या घरात काढायची, एवढीच त्या नवरा-बायकोची आकांक्षा होती, कारण ह्या भागात दुसरे घर परवडण्यातले नव्हते आणि लांब गेले की शाळाही गेली. त्या तीन वर्षांसाठी दोघेही जिन्यात बांगबाई भेटल्या की गरजेपेक्षा चार बोटे जास्त वाकत.

"या. बसू नका," बांगबाई म्हणाल्या. "काल एजंटाकडे एक जोडपं आलं होतं, एकशे सातमधला फ्लॅट बघायला. बायको विचारते, ह्या इमारतीखाली पोकळी आहे म्हणे? कुठं वाचलंत, म्हटलं. तर हिच्या भाच्याच्या शाळेत पुस्तक आहे!"

"शाळेत आहे?" दोक-सूच्या तोंडून आनंद निसटला.

"हसताय?"

"छे हो, बाई. कोणत्या शाळेत म्हणालात?"

"मेंगसाहेब!"

"अहो, ती नुसती कल्पना आहे. खाली फिकट डोळ्यांची माणसं राहतात, त्यांची एक राणी आहे, आंधळे घोडे आहेत…"

"घोडे बघायला कोण मरायला खाली जातंय? पोकळ म्हटलं की पोकळ! रोज बातम्यांत कुठला ना कुठला रस्ता खचतोय. माणूस घर घेताना आधी पायाखाली बघतो. आत्ताच्या आत्ता लेखी माफी पाहिजे, बाराही इमारतींच्या लिफ्टमध्ये."

दोक-सूने लिहून दिले: ‘एकशे सात नंबरच्या इमारतीखाली काहीही नाही. माती आहे आणि मातीखाली खडक आहे. मी पुस्तकात लिहिलेले सर्व खोटे आहे. — लेखक.’ चिकटपट्टी घेऊन एकशे एकपासून एकशे बारापर्यंत बाराही लिफ्टमध्ये ते त्यानेच चिकटवले. एकशे चारच्या लिफ्टमध्ये एका म्हाताऱ्याने चष्मा वर करून ते शेवटपर्यंत वाचले आणि तो म्हणाला, "छान लिहिलंय. थोडक्यात आहे." अकरा वर्षांत दोक-सूला मिळालेली ही पहिली दाद होती.

मंगळवारी शिकवणीहून परतताना त्याने पाहिले, तर वसाहतीचे वयस्कर रखवालदार कूकाका लिफ्टमधली माफी नखाने खरवडत होते.

"काका, काय करताय? माझी माफी आहे ती!"

"बाईंचा हुकूम. अजिबात मागमूस ठेवायचा नाही म्हणाल्या. कोणी फोटोबिटो काढला असेल तर तोही पुसायचा."

"पण त्यांनीच तर…"

"शनिवारी त्यांचा जावई इथं नव्हता, रविवारी आला," कूकाका म्हणाले. "तो बांधकामातला आहे. त्यानं काहीतरी कानात सांगितलं."

जावयाने काय सांगितले असेल ते समजायला दाल्ले वसाहतीचे दुखणे ठाऊक हवे. जगात इतरत्र इमारत पक्की निघाली की माणसे देवाचे आभार मानतात. दाल्लेत त्या दिवशी लोक जेवत नाहीत. सरकारी तपासणीत इमारत राहण्यास धोकादायक ठरली, तरच ती पाडून तिथे पस्तीस मजली मनोरा बांधता येतो आणि मग जुन्या फ्लॅटच्या मालकाचे उखळ पांढरे होते. म्हणून दाल्लेत गेली बारा वर्षे कोणी भिंतीला रंग लावलेला नव्हता. छत गळले तर खाली बादली ठेवत, पण गवंडी बोलवत नसत. नळाचे गंजके पाणी बाटल्यांत भरून, तारखा घालून जपून ठेवत. एकशे दोनच्या जिन्यात एक तडा होता, त्याच्याकडे तर लोक घरच्या तान्ह्या पोराकडे बघावे तसे बघत आणि वाढलाय का म्हणून विचारत. पलीकडच्या वसाहतीवर गेल्या वर्षी भला मोठा फलक लागला होता, ‘अभिनंदन! आमच्या सर्व इमारती धोकादायक!’ आणि त्याखाली लोकांनी सहकुटुंब फोटो काढले होते. दाल्ले मात्र दोनदा तपासणीत नापास, म्हणजे दोन्ही वेळा ठणठणीत निघाली होती. चाळीस वर्षांपूर्वीच्या कंत्राटदाराने सिमेंट चोरले नाही, ह्याबद्दल त्या मेलेल्या माणसाला अजून शिव्या बसत. तिसरी तपासणी नोव्हेंबरात होती.

संध्याकाळी बांगबाई स्वतः नऊशे तीनमध्ये आल्या. हातात नाशपातींची करंडी होती.

"लेखकसाहेब," त्या म्हणाल्या, आणि सुन-येने दोक-सूच्या मागे दुसरे कोणी उभे आहे का ते वळून पाहिले. "तुमच्या पुस्तकाच्या मागं जे मनोगत आहे, ते खरं का?"

मनोगतात दोक-सूने लिहिले होते, की एकदा एकशे सातच्या बॉयलरच्या खोलीत गेलो असता पायाखालची फरशी पोकळ वाजली आणि त्यातून ही गोष्ट सुचली.

"ते खरं आहे," दोक-सू म्हणाला. "बाकी सगळं…"

"बाकीचं आम्हाला कशाला? फरशी पोकळ वाजली, बस्स. आम्ही पुस्तक अर्जाला जोडतोय. आता स्पष्टच बोलते. इमारत धोकादायक ठरली, तरी नकाशे, मंजुऱ्या, कोर्टकज्जे ह्यांत तीन-चार वर्षं सहज जातात. बुलडोझर येईपर्यंत हे घर तुमचं. लिहून देते."

"आणि पक्की निघाली तर?" सुन-येने विचारले.

"तर मार्चमध्ये माझ्या मुलाचं लग्न."

"अगबाई! ठरलं का? अभिनंदन!"

"ठरलंय कुठं? पण मालकाला पोरासाठी घर लागलं की करार वाढवावा लागत नाही. कायदाच आहे तसा." बांगबाई उठल्या. "नाशपाती गोड आहेत. खा."

दार लागल्यावर सुन-येने करंडी उचलून ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे घर पडायला झालेलं असेल तर आपण राहायचं, आणि घर मजबूत असेल तर आपण निघायचं?"

"हो."

"बरं. मला वाटलं माझंच डोकं फिरलं."

दुसऱ्या दिवशी कर्णा मधात घोळून बोलला. "आपल्या वसाहतीचे थोर लेखक मेंग दोक-सू ह्यांचं सत्य सांगणारं पुस्तक प्रत्येक घरमालकानं एक घ्यायचं आहे. पुढच्या बुधवारी वाचक मंडळ भरेल. हजेरी सक्तीची." दोनशेच्या वर प्रती आठवड्यात उठल्या. प्रकाशकाचा फोन आला. बिचारा घाबरला होता. "काय केलंत काय तुम्ही? कोणी मेलं का तुमच्याकडे?" त्याच्या अनुभवात पुस्तक असे दुसऱ्या कुठल्याच कारणाने खपत नव्हते.

वाचक मंडळात दोक-सू नवा सदरा घालून गेला. चाळीसभर बायका मांडीवर पुस्तक घेऊन बसल्या होत्या. प्रत्येकीने मनोगताचे पान उघडले होते आणि त्या एका वाक्याखाली पिवळी रेघ ओढली होती. रेघ सगळ्यांची एकाच जाडीची होती, कारण पेन कचेरीतून वाटले होते.

"पोकळी साधारण किती मीटर असेल?" पहिलीने विचारले.

"तसं मोजलेलं नाही. पण राणीचा दरबार…"

"दरबाराचा आकार सांगा ना. लांबी-रुंदी."

"त्या घोड्यांचं वजन किती?" दुसरी म्हणाली. "म्हणजे त्यांच्या धावण्यानं पाया हलतो का?"

"घोडे कागदावर आहेत हो, ताई."

"तुम्ही असं बोलू नका बाई तपासणीवाल्यांपुढं," ती कळवळून म्हणाली. "तुमच्यावर सगळी भिस्त आहे."

"सोरीबद्दल कोणाला काही विचारायचंय का?" दोक-सूने शेवटी विचारले.

"सोरी कोण?" बांगबाई म्हणाल्या. "किती नंबरला राहते?"

पण लोकांचे प्रेम उतू जात होते. सणाची भेट म्हणून त्याच्या दारात डबाबंद मांसाच्या सात पेट्या येऊन पडल्या. फाटकावर फलक लागला, ‘आमचे लेखक मेंग दोक-सू ह्यांच्या लेखणीने उजेडात आणले: आम्ही पोकळीवर बसलो आहोत!’ पहाटे कोणी नाही असे पाहून दोक-सूने त्या फलकाखाली स्वतःचा फोटो काढला. इतकी वर्षे ज्याला कुत्रे विचारत नव्हते, त्याने तेवढेही करू नये काय? पुस्तक घरोघरी आहे आणि कोणीच वाचत नाही, ह्याचे सुख मानावे की दुःख, हे मात्र त्याला उमगेना.

"सुख," प्रकाशक म्हणाला.

"सुख," सुन-ये म्हणाली. "आणि तोंड उघडू नका."

अर्ज गेला. ‘नव्याण्णवावी पायरी’ ही पुरावा क्रमांक एक आणि गंजक्या पाण्याच्या अठरा बाटल्या पुरावा क्रमांक दोन.

नोव्हेंबरात तपासणी अधिकारी यूकसाहेब आले. किडकिडीत अंगाचा, मफलर गुंडाळलेला, कधी हसलाच नसेल असा माणूस. त्यांच्या काखेत पुस्तक होते आणि त्या पुस्तकात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत रंगीत चिठ्ठ्या खुपसलेल्या होत्या. दोक-सूची नजर त्या शेवटच्या चिठ्ठीवर खिळली. शेवटच्या पानापर्यंत पोचलेला माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता.

सगळी वरात बॉयलरच्या खोलीत उतरली. "कुठं वाजली फरशी?" यूकसाहेबांनी विचारले.

दोक-सूने कोपरा दाखवला. बांगबाईंनी पुढे होऊन टाच आपटली. ठण्ण! आवाज असा घुमला, की मागच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. बांगबाईंनी पुन्हा आपटली. पुन्हा ठण्ण. तिसऱ्यांदा त्या दोन्ही पायांनी उडी मारणार, तेवढ्यात कूकाका पांढरेफटक पडून पुढे आले.

"बाई, तिथं नका नाचू. फुटतील."

"काय फुटतील?"

कूकाकांनी खाली वाकून फरशीसारखी रंगवलेली फळी उचलली. खाली दीड हात खड्डा होता आणि त्यात गळ्यापर्यंत पुरलेली तीन मडकी. एकाचे झाकण बाईंच्या टाचेने तडकले होते आणि त्यातून तीन वर्षे मुरलेल्या किमचीचा, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याचा, असा भपकारा सुटला, की समिती जिन्यापर्यंत मागे सरली.

"वर फ्लॅटमध्ये वास येतो म्हणून सून ठेवू देत नाही," कूकाका पुटपुटले. "माझ्या आधीचा रखवालदारही इथंच ठेवायचा. बॉयलर केव्हाचाच बंद, जागा थंड आहे."

"पोकळी लिहा!" नाकाला रुमाल लावून बांगबाई ओरडल्या. "पोकळी आहे की नाही? आहे!"

यूकसाहेबांनी शांतपणे वहीत लिहिले. खड्डा, एक. मडकी, तीन. मग त्यांनी तडकलेल्या मडक्यातला एक तुकडा चाखला आणि "उत्तम आहे," म्हणाले. हे त्यांनी लिहिले नाही.

तीन दिवस यंत्रे घरघरत होती. चौथ्या दिवशी यूकसाहेबांनी सगळ्यांना पटांगणात बोलावले.

"अर्जाला जोडलेला प्रत्येक पुरावा आम्हाला अथपासून इतिपर्यंत वाचावा लागतो," ते म्हणाले. "एरवी आम्ही जमिनीत दोन ठिकाणी छिद्र पाडून बघतो. पण तुमच्या पुरावा क्रमांक एकमध्ये, पान तीनशे सहावर, वरच्या शहराला तोलणारे आठ खांब दिलेत. जागाही दिल्यात. तेव्हा दोन छिद्रांवर भागवणं मला बरोबर वाटेना. आठ पाडली."

"देव तुमचं भलं करो!" बांगबाई म्हणाल्या.

"आठही ठिकाणी अखंड खडक. पुराव्यात राणी म्हणते, ‘आम्ही उभे आहोत तोवर वरची एक वीट हलणार नाही.’ आमचा निष्कर्षही साधारण तोच आहे. इमारती उत्कृष्ट आहेत. आणखी तीस वर्षं बघायला नको."

पटांगणावर सुतकी कळा पसरली. एक बाई हुंदके देऊ लागल्या. त्यांना दोघींनी धरून बाकावर बसवले.

"शेवट असा आहे?" बांगबाईंचा आवाज चिरकला. "तुमच्यापैकी कोणी शेवट वाचला नव्हता? एकीनंसुद्धा?"

"तुम्ही वाचला होतात ना, बाई?" कोणीतरी विचारले.

"मी अध्यक्ष आहे!" बांगबाई गरजल्या आणि दोक-सूकडे वळल्या. "आणि तुम्ही हो! कुणी सांगितलं होतं इतकं भक्कम लिहायला?"

"मुलांचं पुस्तक आहे, बाई. मुलांना झोप लागावी रात्री, म्हणून…"

"आमची उडवलीत की!"

जाताना यूकसाहेब दोक-सूपाशी थांबले. मफलर सारखा करत खालच्या आवाजात म्हणाले, "राणीचं भाषण चांगलं आहे." दोक-सूला भरून आले. अकरा वर्षांची झीज त्या चार शब्दांनी भरून निघाली असे त्याला मनापासून वाटले. मग जिना चढता चढता त्याच्या लक्षात आले, की त्याच भाषणाने आपले घर गेले.

पण बांगबाई हार मानणाऱ्या नव्हत्या. महिनाभरात फेरअर्ज करता येतो, हे त्यांनी जावयाकडून काढून घेतले आणि आठव्या दिवशी त्या पुन्हा नऊशे तीनमध्ये आल्या. ह्या वेळी नाशपाती नव्हत्या.

"दुसरी आवृत्ती काढा. छपाई समितीची. शेवट बदला."

"शेवट बदलायचा नाही," दोक-सू म्हणाला. आपण हे मोठ्याने म्हणालो, हे कळल्यावर तो स्वतःच दचकला.

"बदला. नाहीतर मुलाला मुलगी शोधते."

बाई गेल्यावर सुन-ये शांतपणे म्हणाली, "बदला."

"अगं, हजार वर्षं ती माणसं खांद्यावर शहर तोलून उभी आहेत. त्यांनी खांदा काढला तर सगळ्या पुस्तकाला अर्थ काय राहिला?"

"हा-रिमची तीन वर्षं राहतील. तुमच्या राणीला काय, ती कागदावर आहे. आपल्याला रस्त्यावर राहावं लागेल."

रविवारी दुपारी जेवून तो बसला आणि चहाच्या वेळेपर्यंत त्याने राज्य बुडवले. राणी थकली. घोडे मेले. आठ खांबांजवळची माणसे एका पानात खांदे काढून खाली बसली आणि एकशे सात नंबरच्या इमारतीला पहिला तडा गेला. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाही त्याने शुद्धलेखन तपासले.

दुसरी आवृत्ती निघाली. कर्ण्याने पुन्हा घरटी एक प्रत वाटली. फेरअर्ज गेला. जानेवारीच्या शेवटी उत्तराचे पाकीट आले आणि बांगबाई ते उघडूनच नऊशे तीनच्या दारात आल्या. "वाचा!" म्हणून त्यांनी कागद दोक-सूच्या छातीवर आपटला.

पत्र यूकसाहेबांच्या सहीचे होते. त्यात लिहिले होते: ‘पुरावा क्रमांक एकची सुधारित आवृत्ती काळजीपूर्वक वाचली. नवा शेवट आधीच्या तीनशे पानांशी विसंगत आहे. ज्या लोकांनी हजार वर्षे खांदा दिला, ते काहीही कारण नसताना एका पानात तो काढून घेतील, हे पटत नाही. राणीच्या स्वभावातही असा बदल संभवत नाही. लेखकाने हे प्रकरण दबावाखाली, घाईने आणि मनाविरुद्ध लिहिले असावे असे दिसते. सबब अर्ज नामंजूर.’

दोक-सूने पत्र दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना त्याची अक्षरे भिजली.

"काय आहे एवढं?" आतून सुन-येने विचारले.

"परीक्षण आलंय," तो म्हणाला. "पुस्तकाचं."

"चांगलं आहे?"

"वाईट आहे. पण अक्षर न् अक्षर खरं आहे गं."

"माणसाला धड खोटंसुद्धा लिहिता येऊ नये!" बांगबाई फणकारल्या. "आणि म्हणे लेखक! मार्चच्या एक तारखेला किल्ली पाहिजे. मुलाचं लग्न आहे."

"ठरलं का?" सुन-येने सवयीने विचारले.

"ठरेल!"

घर मिळाले ते शहराबाहेर, दोन गाड्या बदलून जायचे. शाळा तिथलीच कुठलीशी. हा-रिमने तीन दिवस बापाशी अबोला धरला आणि चौथ्या दिवशी तिने स्वतःच आपली वह्या-पुस्तके बांधायला घेतली. ते त्या अबोल्यापेक्षा त्याला जास्त लागले.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या गुरुवारी दोक-सू सामानासाठी रिकामी खोकी शोधायला खाली उतरला. गुरुवार हा वसाहतीत रद्दी टाकण्याचा वार. बाटल्या एकीकडे, डबे एकीकडे, कागद एकीकडे. कागदांच्या जागी आज ढीग कमरेइतका उंच होता. पहिली आवृत्ती आणि दुसरी आवृत्ती, घरोघरचे गठ्ठे सुतळीने बांधून व्यवस्थित रचलेले. दाल्लेचे लोक रद्दीच्या बाबतीत फार शिस्तीचे.

कूकाका त्याला बघून कानकोंडे झाले. "साहेब, वाईट वाटून घेऊ नका. पण ह्यांच्या कव्हरावर ते चकचकीत प्लॅस्टिक आहे ना, ते सोलून वेगळं टाकल्याशिवाय गाडीवाले घेत नाहीत. लोकांनी तसंच फेकलंय. माझी एकट्याची बोटं कुठवर पुरणार?"

दोक-सू उलट्या क्रेटवर बसला आणि सोलू लागला. थंडीने प्लॅस्टिक ताठरले होते, सुटता सुटत नव्हते. पुस्तके उघडताना नव्यासारखी करकरत. मनोगतात पिवळी रेघ, बाकी सगळे कोरे करकरीत.

अर्ध्या तासाने सुन-ये शाल गुंडाळून खाली आली. "खोकी मिळाली का? की तुम्ही इथेच…" तिची नजर ढिगावर गेली. तिने दुसरा क्रेट ओढला, बसली आणि तीही सोलू लागली. तिची बोटे त्याच्यापेक्षा चपळ होती. दोघांचे काम भराभर उरकत आले.

मग तिचा हात थांबला. मांडीवरचे पुस्तक मध्येच कुठेतरी उघडले होते आणि ती त्यात बघत होती. तिने पान उलटले. आणखी एक उलटले. थोड्या वेळाने ती चक्क हसली.

"ही पोरगी त्या राणीला तोंडावर खोटारडी म्हणते?" तिने विचारले.

"म्हणते."

"आणि राणी ऐकून घेते?" तिने पुढचे पान उलटले. "मग काय होतं हो पुढं?"

दोक-सूने मान वर केली. अकरा वर्षांत हे त्याला कोणीही विचारले नव्हते. काय सांगू, कुठून सांगू, असे त्याला होऊन गेले. तो तोंड उघडणार, तेवढ्यात फाटकातून कागदाची गाडी मागे मागे येत आत शिरली.

"ताई, आटपा," कूकाका ओरडले. "गाडीवाला थांबत नाही."

"सांगते मी हा-रिमला, खोकी इथंच मिळतील म्हणून," सुन-ये घाईने उठत म्हणाली. तिने कव्हराचे राहिलेले प्लॅस्टिक एका झटक्यात ओढून काढले आणि पुस्तक मिटून ढिगावर टाकले.